स्वयंपाकघरात सांगितलेला निरोप

नाशिक
रविवार, १२ जानेवारी २०२५

चि. धम्मपाल,

जयभीम.

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअॅपवर दोन निळ्या रेघा उमटतात आणि पुढे सामसूम. म्हणून म्हटलं, चला, कागदच काढू. पत्र तू फाडणार नाहीस एवढी खात्री आहे. ज्या अण्णांनी विजेच्या बिलांची पाकिटंसुद्धा मरेपर्यंत जपली, त्यांचा तू मुलगा. पुणं काही अमेरिकेत नाही, संगमनेर आलं की निम्मं पुणं आलं. तरी अडीच वर्षांत तुला सख्ख्या बहिणीच्या दारात यायला जमलं नाही. असो. भांडायला बसलेली नाही मी. म्हणजे बसलेच आहे, पण आधी खुशाली.

माझा उजवा गुडघा कुरकुरतो, डावा अजून शहाण्यासारखा वागतो. शेजारच्या बायडाबाईंनी कवळी बसवली. आता शिव्या पूर्वीसारख्या खणखणीत निघत नाहीत अशी त्यांचीच तक्रार आहे. गच्चीवरची पाण्याची टाकी बदलली. तू जिला टेकून उभा राहायचास ती काळी टाकी गेली, आता निळी आहे.

तुझी ती एडिटर, अंजली, परवा येऊन गेली. गोड मुलगी आहे, पण जेवत काहीच नाही. अण्णांच्या ट्रंकेतल्या सगळ्या जुन्या टेपा घेऊन गेली. ट्रंक उघडली तेव्हा कारखान्याच्या ग्रीसचा वास आला रे. अण्णांना ओझरहून रिटायर होऊन वीस वर्षं झाली, जाऊन अकरा, वास मात्र तिथेच. मी थोडी रडले. अंजलीने टेपा मोजण्याचं नाटक केलं. शहाणी आहे.

तिच्याकडून कळलं की स्वतःच्या पंचवीस वर्षांच्या कामावर तू आता स्वतःच फिल्म करतो आहेस. छान. ‘नळाची वेळ’पासून ‘तिसरी पाळी’पर्यंत सगळं त्यात आहे म्हणाली. आणि जाता जाता, चपला घालताना, एक बोलून गेली. शेवटाकडे तुझ्या आवाजात वाक्य आहे म्हणे: ‘मला फिल्ममधून काढा, असं सिंधुबाईंनी आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सभागृहात त्या खोटं बोलल्या.’

धम्मा, ते वाक्य काढ.

का ते विचारू नकोस. मोठी बहीण सांगते म्हणून काढ. मार्चअखेर फिल्म पक्की होणार म्हणाली. एकदा पक्की झाली की ती बाई जन्मभराची खोटारडी ठरेल. तुझ्या फिल्मा जिथे जातील तिथे ठरेल.

उत्तर पाठव. जेवण वेळेवर कर.

तुझी ताई


नाशिक
रविवार, २६ जानेवारी २०२५

धम्मा,

दोन आठवडे झाले, तुझा जबाब नाही. बरं आहे. लहानपणीसुद्धा रुसलास की पलंगाखाली जाऊन बसायचास आणि आम्ही हाका मारत राहायचो. तेव्हा निदान पाय दिसायचे.

अंजलीला मी जुन्या गोष्टी सांगितल्या, ती लिहून घेत होती. तुलाही लिहिते, कारण तुला सनावळ्या लक्षात राहत नाहीत आणि फिल्ममध्ये काहीतरी चुकीचं ठोकून देशील.

पहिली फिल्म नव्व्याण्णवची. आपल्या कॉलनीत पाणी पहाटे चारला आणि नगरसेवकाच्या गल्लीत दिवसभर, त्याची ‘नळाची वेळ’. कॅमेरा मित्राचा, टेप लग्नाच्या शूटिंगमधून उरलेली. गच्चीवर आईची पांढरी चादर बांधून तू ती सगळ्यांना दाखवलीस. बायडाबाई हंडा आपटत, पदर खोचून, अस्सल शिव्या देत भांडतायत, असा त्यात प्रसंग होता. सगळी गच्ची खो खो हसली. बायडाबाई मात्र उठून खाली निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी अण्णा कारखान्याच्या बसला जायच्या आधी तुला म्हणाले, “ज्याचा चेहरा, त्याची मर्जी. बाहेर दाखवायच्या आधी त्यांना दाखव. काढ म्हणाले की काढायचं. का, असं विचारायचं नाही.” तू फणफणलास, “मग फिल्म उरणार काय?” अण्णा म्हणाले, “उरेल ती तुझी.” आणि डबा घेऊन गेले.

तेव्हापासून आपल्या घरचा तो रिवाजच झाला. प्रत्येक फिल्मचा पहिला खेळ आपल्या गच्चीवर, फिल्ममधल्या माणसांसाठी. ज्याला नको असेल त्याने सांगायचं. पण तुला कोण तोंडावर सांगणार? तू ‘सर’. म्हणून लोक चहाचे कप ठेवायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात यायचे आणि माझ्या कानात सांगायचे. मी तुला सांगायचे. तू त्या रात्री जेवायचा नाहीस, पण सकाळी काढायचास. येवल्याचा वाल्मीक आठवतो? पैठणी विणणारा. ‘उभा धागा’मध्ये बायकोबद्दल बोलताना त्याला रडू फुटतं, ते त्याला नको होतं. आत येऊन म्हणाला, “ताई, पोरं बघत्याल.” तू ते काढलंस. तेव्हा मला तुझा इतका अभिमान वाटला होता, तो मी कधी बोलून दाखवला नाही, कारण तू लगेच डोक्यावर चढून बसतोस.

आणि रस्तारुंदीवरची फिल्म बंद पाडली तेव्हाचं आठवतं का? तुला चौकीत बसवून ठेवलं होतं. मी डबा घेऊन आले, तर तू हवालदाराला नागरिकांच्या हक्कांवर भाषण देत होतास आणि तो बिचारा मान डोलावत माझी वांग्याची भाजी खात होता. “मॅडम, भाऊ तुमचा हुशार आहे, पण तोंडाला लगाम घाला,” म्हणाला. मी म्हटलं, तोंड बंद केलं तर त्याच्याकडे उरेल काय? त्यानंतर मात्र सहा वर्षं कोणी हॉल देईना. तू दाढी वाढवून खिडकीशी बसायचास. मी शाळेतून आले की आधी तुझी चप्पल दारात आहे का बघायचे. असेल तर भीती वाटायची, नसेल तरी वाटायची.

मग ‘तिसरी पाळी’. अंबडच्या त्या कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली राबणाऱ्या बायका. आणि त्यात सिंधुबाई, गेटाबाहेर भिंतीशी बसून भाकरी खातायत. दर काही महिन्यांनी ठेकेदार जुना गेटपास काढून घेतो, नवा देतो, म्हणजे कुणी कायम व्हायला नको. सिंधुबाई घास चावता चावता सांगतात, “बारा वरसं झाली, पण कागदावर आमचा अजून पयलाच महिना चालू हे.” आणि हसतात.

त्या आता पवननगरच्या भाजीबाजारात बसतात. फिल्म बाहेर पडली आणि महिन्याभरात कंपनीच्या गेटावर त्यांचा पास चालेना. त्यांच्या उज्वलाचाही. पोरगी बावीस वर्षांची, तिचं लग्न ठरत होतं, तेही फिसकटलं. मी दर गुरुवारी त्यांच्याकडून मेथी घेते. आपल्या चौकात चांगली मेथी मिळते, तरी दोन रिक्षा बदलून तिथे जाते. परवा त्या म्हणाल्या, “बाई, तुमच्या घरात मानसं किती? मेथी किती लागती?” मी म्हटलं, मी एकटीच. त्या हसल्या. वर आणखी एक जुडी घातली आणि म्हणाल्या, “तुमचा भाऊ तसला निघाला, त्यात तुमचा काय दोष?”

मी पिशवी उचलली आणि आले.

धम्मा, वाक्य काढ. अजून किती सांगू?

तुझी ताई


नाशिक
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

धम्मा,

तुझा मेसेज आला. अडीच वर्षांनी दोन शब्द. “कारण सांग.”

दहा दिवस तो फोन उशाशी घेऊन झोपले. अण्णांनी ‘का’ विचारायचं नाही असा नियम केला होता, पण तो मला लागू नाही, हे मला कळतं. सांगते. मध्ये थांबू नकोस, पूर्ण वाच.

‘तिसरी पाळी’ गच्चीवर दाखवली ती फेब्रुवारी बावीसमध्ये. फिल्म संपली. चादर वाऱ्याने फडफडत होती. मग बायका एकेक करून आत आल्या, कप ठेवले, कोणी डोळे पुसले, कोणी नुसतीच माझ्या दंडाला हात लावून गेली. सगळ्यात शेवटी सिंधुबाई. त्यांनी कप नुसता ठेवला नाही, विसळला, पालथा घातला, आणि म्हणाल्या, “बाई, मला काढा. माझी उज्वला बी त्याच गेटातून आत जाती. माझं काय व्हायचं ते होऊ द्या, पोरीचं नको.”

मी म्हणाले, “बरं.”

एवढंच. बरं. त्या विश्वासाने निघून गेल्या. मी वर आले. तू टाकीला टेकून उभा होतास. सहा वर्षांनी तुझे डोळे पूर्वीसारखे दिसत होते, लहानपणी पतंग कापलास की दिसायचे तसे. तू विचारलंस, “ताई, कोणी काही म्हणालं का?”

आणि मी म्हणाले, “नाही रे. सगळे खूश आहेत.”

सिंधुबाईंना काढलं असतं तर फिल्मचा प्राण गेला असता, हे तुला माहीत होतं आणि मलाही. तू परत खिडकीशी बसशील, या भीतीने माझी जीभ उचलली नाही. हे निम्मं कारण. उरलेलं निम्मं सांगायला लाज वाटते. मला वाटलं, त्यांना काय कळतंय. एवढ्या लोकांपर्यंत त्यांचं म्हणणं पोचणार आहे, त्यांचंच भलं आहे, मी समजावीन नंतर. तेहतीस वर्षं शाळेत दुसऱ्यांच्या वतीने ठरवायची सवय लागली ना. ज्या ठेकेदारावर तू फिल्म केलीस तोही त्यांच्या वतीनेच ठरवत होता. माझ्यात आणि त्याच्यात फरक एवढाच की मी चहा दिला.

मग ऑगस्टमधला तो सभागृहातला कार्यक्रम. सिंधुबाई मागून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “मी काढा म्हनून सांगितलं व्हतं.” तू माइकवरून म्हणालास, “बाई, तुम्ही खोटं बोलताय. आमच्या घरात असं कधी होत नाही.” आमच्या घरात! मी तिसऱ्या रांगेत मूग गिळून बसले होते. घरी आल्यावर तुला म्हटलं, त्यांची माफी माग. तू म्हणालास, “का? तूही तिच्याच बाजूची झालीस का?” तेव्हा मी कारण सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. तू भरल्या ताटावरून उठून गेलास. ताटात मेथीचीच भाजी होती, बघ.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, ती मी. तू आजवर रागावलास तो भलत्या गोष्टीवर. आता खऱ्या गोष्टीवर रागाव. मला चालेल. नाही चालणार, खरं तर. पण रागाव.

तुला लिहायच्या आधी मी सिंधुबाईंना सांगितलं. गुरुवारी बाजारात गेले, मेथी मागितली नाही, पोत्यावर त्यांच्या शेजारी बसले आणि सगळं सांगून टाकलं. त्या कोथिंबिरीवर पाणी शिंपडत होत्या. शिंपडतच राहिल्या. कोथिंबीर पार भिजून गेली. मग म्हणाल्या, “अडीच वरीस माझी मेथी नेताय. मला वाटायचं, बाईला मेथी लय आवडती.”

“तुमच्या भावाच्या नावानं मी लय बोटं मोडली. चुकीच्या मानसाला लागलं की ते.” भिजलेली कोथिंबीर झटकत म्हणाल्या, “आता हे मला नका सांगू. मला म्हाईतच हे मी काय बोलले व्हते. गच्चीवर सांगा. तव्हा जे व्हते त्यांच्या म्होरं.”

तर धम्मा, तुझी ही नवी फिल्मही आपल्या घरच्या नियमात बसते की नाही? त्यात सिंधुबाई आहेत, बायडाबाई आहेत, वाल्मीक आहे. पहिला खेळ गच्चीवर व्हायला हवा. पाठव. तू नाही आलास तरी चालेल. फिल्म पाठव.

तुझी
लता


नाशिक
सोमवार, ३ मार्च २०२५

धम्मा,

अंजली काल दुपारीच फिल्म घेऊन आली आणि सोबत तुझी चिठ्ठी. “ताई, चादर धुतलेली असेल तरच लाव. मी येत नाही. यावेळी टाकीपाशी मी उभा नको.” चिठ्ठी मी दहा वेळा वाचली. ‘ताई’ लिहिलंस, तेवढं मला दिवसभर पुरलं. चादर धुतलेलीच होती, मेल्या. नीळही दिली होती.

माणसं वीसेक जमली. वाल्मीक येवल्याहून एसटीने आला. अंबडच्या सहा बायका आल्या. सिंधुबाई उज्वलाला घेऊन आल्या. उज्वलाचं लग्न ठरलंय, मुलगा सातपूरला टर्नर आहे, हे तुला सांगायला सांगितलंय. दिवेलागणीला मी चादरीपुढे उभी राहिले. तेहतीस वर्षं वर्गापुढे उभी राहिलेली बाई मी, पण गुडघे दोन्ही कुरकुरले. मी म्हणाले, सिंधुबाईंनी काढायला सांगितलं होतं. मला सांगितलं होतं. मी माझ्या भावाला सांगितलं नाही. त्या सभागृहात खरं बोलत होत्या, आणि मी ऐकत बसले होते.

बायडाबाईंनी कवळी काढून हातात घेतली आणि स्वच्छ आवाजात म्हणाल्या, “लते, तू?” सगळ्या शिव्या परवडल्या असत्या, पण हे नाही.

मग फिल्म लावली. अण्णा दिसले, ओझरच्या बसमधून उतरताना, हातात डबा. ते तू कधी टिपलंस? मला माहीतच नव्हतं. आणि शेवटाकडे ते सभागृह आलं. तुझं वाक्य नव्हतं तिथे. सिंधुबाई उभ्या राहतात, तू माइकवर त्यांना खोटं पाडतोस, ते तू स्वतःचं तसंच ठेवलंयस, काहीही न झाकता. आणि मग कॅमेरा तिसऱ्या रांगेवर जातो. तिथे मी. मान खाली, पर्सची चेन उघडते आहे, बंद करते आहे, उघडते आहे, बंद करते आहे. कितीतरी वेळ. वर तुझ्या आवाजात एक शब्द नाही.

हे चित्रण तुझ्याकडे अडीच वर्षं होतं. अंजली म्हणाली, तू ते पुन्हा पुन्हा बघायचास आणि बंद करायचास. म्हणजे तुलाही कुठेतरी कळलं होतं, आणि तूही विचारलं नाहीस. अण्णांची दोन्ही पोरं एकाच मापाची.

चहा झाला. मी सवयीने आत जायला निघाले, तर सिंधुबाई आधीच स्वयंपाकघरात जाऊन ओट्याशेजारच्या स्टुलावर बसल्या होत्या, माझ्या जागेवर. म्हणाल्या, “आज मी ऐकते. तुम्ही बाहेर बसा.” मग सगळे एकेक करून त्यांच्याकडे गेले, कप ठेवून आले. सगळ्यात शेवटी मी गेले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “तुमचं काढायचं का, बाई?”

खरं सांगते, जिभेवर आलं होतं. माझे विद्यार्थी बघतील, शाळेतल्या बायका बघतील, ती पर्स, ती मान. पण मी म्हणाले, नको. राहू द्या.

“बरं,” म्हणाल्या. माझ्यासारखंच. पण त्यांचं ‘बरं’ खरं होतं.

तर आता निरोप. त्यांनी मला समोर बसवून, एकेक करून सांगितले आणि पुन्हा माझ्याकडून म्हणून घेतले. जसे सांगितले तसेच लिहिते.

बायडाबाई म्हणतात, नव्व्याण्णव साली काढून टाकलेलं नळावरचं भांडण परत घाल. शिव्यांसकट. तेव्हा आवाज चांगला होता, म्हणतात. टेप ट्रंकेत होती, अंजलीकडे असेल.

वाल्मीकचं काही नाही. तुला कधी जेवायला येतोस विचारलंय.

लताबाई म्हणतात, तिसऱ्या रांगेतलं राहू दे.

आणि सिंधुबाई म्हणतात, सभागृहातलं राहू दे, तिथे मी खरं बोलत होते. पण गेटाबाहेर भाकरी खातानाचं, ते हसणं, ते पहिल्या महिन्याचं बोलणं, या फिल्ममधून आणि त्या जुन्या फिल्ममधूनही, मला काढा.

मी त्यांना का ते विचारलं नाही. तूही विचारू नकोस. तीन वर्षं उशिरा का होईना, तुला निरोप पोचला.

तुझी ताई